ऐन हळदीत प्रशिक्षणाचं आवतण

सांगलीच्या बाईनं हळद बघायला हिंगोलीला जायचं, हे आमच्या गल्लीत कुणालाच पटलं नाही. शेजारच्या मालूताई म्हणाल्या, "अहो, रिक्षानं हरिपूरला गेलात तरी पोटभर हळद दिसेल." नातीनं वेगळाच मुद्दा काढला, "आजी, तुझे गुडघे आता भंगारवालासुद्धा घेणार नाही." पण मी काही हळद बघायला निघाले नव्हते. मला बघायची होती क्षमताबांधणी.

हा शब्द ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशातल्या देणगीदार संस्था आपल्याकडच्या गावांना मदत करतात, तेव्हा नुसते पैसे देऊन थांबत नाहीत. गावानं स्वतःचं स्वतः चालवावं म्हणून माणसांना शिकवतात. त्या शिकवण्याचं हे भारदस्त नाव. निवृत्त होईपर्यंत माझं पोट याच शब्दावर चाललं. ऐन तिशीत मी या कामासाठी मराठवाड्यात यायचे. खादीचा झब्बा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये जगातले सगळे प्रश्न सोडवणारी रंगीत स्केचपेनं. बायकांना गोल उभं करून मी म्हणायचे, "आज आपण सगळ्या फुलपाखरं आहोत!" आणि स्वतः हात पसरून उडून दाखवायचे. नंतर कागदावर एक मोठं झाड काढायचे, त्याचं नाव समस्यावृक्ष. मुळाशी कारणं, फांद्यांवर परिणाम. एका बाईनं एकदा विचारलं होतं, "ताई, ह्या झाडाला पानी कोन घालून राहिलं?" मला तो प्रश्न फारच अडाणी वाटला. किती हुशार होते मी!

तर या फेब्रुवारीत पुण्याच्या एका संस्थेतून फोन आला. उत्तर युरोपातल्या एका देणगीदार संस्थेच्या इंग्रिडबाई येणार होत्या. औंढा तालुक्यातल्या बायकांच्या एका हळद गटाला त्यांची संस्था गेली काही वर्षं मदत करत होती. ती पुढं चालू ठेवायची की इथंच थांबवायची, हे इंग्रिडबाईंच्या अहवालावर ठरणार होतं. त्यांना दुभाषी हवी होती. "तुम्हाला तो भाग माहीत आहे," पुण्याची मुलगी म्हणाली. शिबिरापुरती कुठं कुठं येऊन गेले असेन तेवढंच, बाकी मला तो भाग माहीत नव्हता. पण मी हो म्हणाले. ही सवय तिशीतलीच.

कनेरगाव नाका

इंग्रिडचं आधी नागपूरला काम होतं, म्हणून आम्ही वाशीमकडून आलो. कनेरगाव नाक्यावर ड्रायव्हर शफीकभाईंनी गाडी थांबवली. "मॅडम, आगे हिंगोली तक ऐसा धपाटा नै मिलता," असं म्हणून ते आधी स्वतःच जाऊन बसले.

धपाटे आले, सोबत दही आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडं ठेचा म्हणजे तोंडी लावणं. इथं धपाटाच तोंडी लावणं असावं. इंग्रिडनं ठेच्याचा चांगला घास घेतला आणि तिचे निळे डोळे भरून आले. मी दही पुढं केलं. तिनं ते बाजूला सारून आणखी ठेचा घेतला. त्या क्षणी मला ही बाई आवडली.

वय पन्नाशीचं, उंच, हात मात्र कामाचे. वडील बटाटे लावायचे, म्हणाली. तिच्या मनात काय चाललंय ते तिनं तिथंच सांगितलं. त्यांच्या विश्वस्त मंडळात दरवर्षी एकच प्रश्न निघतो: इतकं शिकवलं, तरी पुन्हा तेच काहून शिकवावं लागतं? ('काहून' तिचं नव्हे, माझं. हे लिहीपर्यंत माझ्या जिभेला हिंगोलीचं पाणी लागलं.) गटाला मदत मिळत राहावी असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तसं लिहायला हातात काहीतरी हवं होतं.

मुक्काम हिंगोलीत. सकाळी लॉजवाल्यानं विचारलं, "सुशीला आनू का?" इंग्रिडला वाटलं, गटाची अध्यक्ष आली. चुरमुरे भिजवून, फोडणी देऊन, वर शेंगदाण्याचा कूट घालून केलेली सुशीला बशीतून आली, तेव्हा तिनं उभं राहून नमस्कार केला होता तो तिला तसाच मागं घ्यावा लागला.

जवळा बाजारच्या पुढं

जवळा बाजारला आठवडी बाजार भरला होता. सोयाबीनची पोती, कापसाचे भाव, मिरच्यांचे ढीग, आणि वाऱ्यावर सगळीकडं हळद शिजल्याचा ओला, मातकट वास. सांगलीत हळदीचा वास येतो तो सुकलेल्या हळदीचा, पेठेतला. हा शेतातला वास होता, वाफेचा. मी मोठ्या ऐटीत एका बाईला म्हटलं, "आम्ही सांगलीचे. हळदीच्या गावचे." ती म्हणाली, "आसंल की. आता समदा बाजार वसमतला हाय." आणि तिनं मला लिंबं महाग लावली.

तिथून थोडं आत गाव. गटाची व्यवस्थापक सुनीता वेशीवर उभी होती. तिशीची, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला, हाताची नखं पिवळीधमक. गटाकडं हळद शिजवायचा कुकर आहे. घरातला नव्हे. ट्रॅक्टरला जोडून शेतात न्यायची ही लोखंडी भट्टी असते, भोवती मोठी पिंपं. पिंपांत ओली हळद भरायची आणि आत वाफ सोडायची. कुणाच्या शेतात कुकर कधी जाणार, वाफ किती द्यायची, वसमतच्या कुठल्या व्यापाऱ्याला माल दाखवायचा, हे सगळं सुनीता बघते. तिच्याआधी दोन पोरांना देणगीतून हेच शिकवलं होतं. दोघंही शिकले आणि शहरात नोकरीला लागले. क्षमता बांधली, आणि ती एसटीत बसून निघून गेली.

समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती. तिच्यावर दहा-बारा बायका अगदी शिस्तीत बसल्या होत्या. सगळ्या म्हाताऱ्या. आम्ही आत गेलो तसा त्यांनी एक विशिष्ट ठेका धरला: दोन टाळ्या, एक चुटकी, दोन टाळ्या, एक चुटकी. ही टाळी माझी! पावसाच्या सरींची टाळी, सहभाग वाढवणारी. मी ती कुठल्याशा शिबिरात उचलली होती आणि महाराष्ट्रभर पेरली होती.

पुढं बसलेल्या म्हातारीनं डोळे बारीक केले. "आवं, ह्या तर फुलपाखरूबाई!"

सगळी सतरंजी हसली. मी तिशीत ज्या हसण्याची वाट पाहिली होती ते सत्तरीत आलं.

ती गंगूबाई. सुनीताची सासू. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो, वयं विचारली, दात मोजले. तिचे माझ्यापेक्षा जास्त निघाले.

इंग्रिड मात्र हसत नव्हती. ती हातातल्या टॅबवर मागच्या प्रशिक्षणांचे फोटो बघत होती आणि मधूनच मान वर करून सतरंजीवरचे चेहरे बघत होती. मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, दरवर्षी याच बायका आहेत. आम्ही कामकरी बायकांना शिकवायला पैसे दिले होते. आम्हाला दाखवायला माणसं आणून बसवली आहेत का?

मी सुनीताला म्हटलं, "त्या म्हणतायत, जुनी ओळख बघून फार आनंद झाला."

"मावशी," सुनीता म्हणाली, "त्या आसं न्हाई म्हनल्या. माझं इंग्रजी थोडं हाय, पन तेवढं हाय. जे म्हनल्या ते सांगा."

मी सांगितलं. सुनीताचा चेहरा उतरला. गंगूबाईचा नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"इचारा बाईला, त्यांच्याकडं लग्नाचं आवतन आलं तर समदं घर जातं का?"

इंग्रिड म्हणाली, ज्यांची नावं असतात ते जातात.

"आमच्याकडं नाव नसतंय. घरटी एक जातंय. आवतन मोडायचं नसतंय, म्हनून घरातलं जे मोकळं आसंल ते जातंय. तुमी आवतन देता कव्हा? ऐन हळदीत! पोरीबाळी समद्या कुकरावर. मंग मोकळं कोन? आमी. पाहुन्यांनी जेवन केलेलं, गाड्या धाडलेल्या. वाया घालवायचं का?"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. आता नरम करायची हिंमत नव्हती.

"मी तर पयलीपासनं हाय," गंगूबाई पुढं म्हणाली. "ह्या फुलपाखरूबाई आल्या तव्हा मी बाळंतीन होते. कापूस येचायला जाता येत न्हवतं, म्हनून सासूनं मला धाडलं. लेकरू मांडीवर घिऊन उडले मी. मंग अंगात ताकद होती, ती समदी वरसं कुन्या शिबिराला जाया मिळालं न्हाई. आता गुडघे गेले, तर पुन्हा मीच."

इंग्रिडनं टॅब बंद केला. तिनं विचारलं, "मग तुम्ही शिकलात काय?"

"समदं शिकले. बँक, हिशेब, ठराव, पोषण, शेंद्रिय खत. घरी जाऊन सांगायला लागले तर ही म्हनती, आत्या, आता बोलू नका, हळद शिजून राहिली!"

सुनीतानं पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, कळलं नाही.

मी इंग्रिडला विचारलं, प्रशिक्षण फेब्रुवारी-मार्चातच का ठेवता? ती ओशाळली. त्यांच्याकडून पैसे सुटतात पावसाळ्यानंतर, पुण्यापर्यंत पोचायला दिवाळी होते, आणि मार्चअखेरीला खर्च दाखवावा लागतो. मधे जे महिने उरतात तेच. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं होतं. हळदीचं कॅलेंडर कुठल्याच कचेरीत टांगलेलं नव्हतं. माझ्या शबनममध्ये सगळं होतं, तेवढं एक सोडून.

"तर चला कुकरावर," इंग्रिड म्हणाली.

कुकरापाशी

शेतात पोचलो तर वाफेचा ढग. चार पिंपं, शेजारी ओल्या हळदीचा ढीग, पलीकडं शिजलेली हळकुंडं उन्हात पसरलेली. सात-आठ बायका कामाला लागलेल्या. कुणी पाट्या भरतेय, कुणी विस्तव सारतेय. इंग्रिड पोत्यावर बसली. पाच मिनिटांत तिच्या पांढऱ्या शर्टाची बाही पिवळी झाली. एक बाई म्हणाली, "झाली बाई नवरी!" हे मी भाषांतर न करताच तिला कळलं.

हाताला उसंत न देता बायका बोलत होत्या. शिकायचंय, पण इथं, कुकरापाशी. वाफेचा काटा लाल रेघेवर गेला की सगळ्या पळतात आणि सुनीता एकटी पुढं होते. हे सगळ्यांना यायला पाहिजे. कुणीतरी जाणता माणूस अख्खा हंगाम शेजारी उभा राहावा. आणि बसून शिकायचं ते अक्षय तृतीया झाल्यावर, पेरणीच्या आधी. तेव्हा हाक मारा, घरटी दोन येऊ.

इंग्रिड भराभर टिपून घेत होती. मी मनात म्हटलं, अहवाल झाला, मदत चालू राहिली, आता हुरडा खाऊन घरी जाऊ.

तेवढ्यात गंगूबाई बोलली. "आन हिला ठिवून घ्या."

"आत्या!" सुनीता ओरडली. "ते घरातलं हाय."

"घरातलं कसं? उंद्या तू गेलीस तर कुकर चालवायला कोन? तो भाड्यानं ठेकेदाराकडं जाईन. तो आधी बड्यांच्या शेतात लावतो, आमची हळद शेवटी. तवर वाळून सुरकुतती, भाव पडतो. हे घरातलं हाय व्हय?"

मग कळलं. नांदेडच्या एका फायनान्स कंपनीनं सुनीताला नोकरी देऊ केली होती. सोमवारी होय-नाही सांगायचं होतं. त्या दिवशी शुक्रवार. गटात तिला पगार म्हणून काही मिळत नव्हतं. हंगाम सरला की गट जे देईल ते. दोन लेकरं शाळेत, नवरा दुसऱ्याची रिक्षा चालवतो. "मी जायचं ठरवलं न्हाई," ती खाली बघत म्हणाली, "पन न जायचंबी ठरवलं न्हाई."

इंग्रिडनं वही बाजूला ठेवली. तिचा आवाज खाली आला. प्रशिक्षणाला त्यांच्याकडं पैसा आहे, पगाराला नाही. नियमच तसा: शिकवायचं, आणि नंतर गावानं आपलं आपण चालवायचं. नियम बदलायचा तर विश्वस्त मंडळ बसायला हवं. ते बसणार पुढच्या महिन्यात. तिनं सुनीताकडं पाहिलं आणि म्हणाली, तुमचा सोमवार आणि आमचा पुढचा महिना, यांची गाठ कशी घालायची ते मला माहीत नाही.

आता माझ्यातली जुनी कार्यकर्ती जागी झाली. अशा वेळी आम्ही काय करायचो ते मला पाठ होतं. "सोपं आहे," मी म्हटलं. "प्रशिक्षकाला मानधन चालतं ना? सुनीताला प्रशिक्षक दाखवा. काम तेच, कागदावर नाव वेगळं."

इंग्रिड म्हणाली, प्रशिक्षक बाहेरचा लागतो.

"ही बाहेरचीच हाय," गंगूबाई तडक म्हणाली. "कनेरगावची. सून म्हून आली, आजून आमच्या हाताची चव आली न्हाई तिच्या वरनाला."

बायका पाट्या टाकून हसल्या. इंग्रिडही हसली, आणि मला वाटलं, जमलं. पण सुनीता हसली नाही.

"नगं," ती म्हणाली. "मावशी, तुमी चांगल्या मनानं सांगून राहिल्या, पन नगं. खोटं नाव लावलं की पुढच्या वर्साला बाई येतीन तव्हा आमी पुन्हा सतरंजीवर टाळ्या वाजवत बसू. त्या आज कुकरापाशी बसल्या. आता खरंच लिहू द्या त्यांना. पगार पाहिजे तर पगार म्हनूनच मागू. दिला तर दिला."

वाफेचा काटा वर सरकला होता. ती बोलता बोलता उठली आणि झडप फिरवून आली.

त्या दुपारी बांधावर हुरडा भाजला, शेंगदाण्याची चटणी, गूळ. इंग्रिडनं राखेसकट खाल्ला. गंगूबाईनं आणि मी एकमेकींकडं पाठ फिरवून कवळ्या काढल्या, धुतल्या, बसवल्या. तिचे 'जास्त दात' कुठून आले ते तेव्हा उघड झालं. पण सुनीता दूर पिंपांशी होती, आणि आम्हा सगळ्यांचं लक्ष तिकडंच होतं.

आखाडा बाळापूर

शनिवारही गावातच काढून रविवारी सकाळी आम्ही निघालो. इंग्रिडचं विमान नांदेडहून होतं, वाटेत तिला कळमनुरीच्या एका कचेरीत डोकावायचं होतं, म्हणून वळसा घेतला. सुनीता म्हणाली, "मीबी येते." धुतलेली साडी, हातात पिशवी. कुणी काही विचारलं नाही. नांदेडची वाट, उद्या सोमवार. विचारायचं काय उरलं होतं? गंगूबाईसुद्धा वेशीपर्यंत आली आणि सुनेला "जपून जा" एवढंच म्हणाली.

गाडीत शफीकभाईंनी रेडिओ लावला नाही. इंग्रिड खिडकीबाहेर बघत होती. मी पण. दोन्हीकडं हळदीची उकरलेली रानं, मधूनच गव्हाचा हिरवा पट्टा. मला वाटत होतं, आपण त्या पोरीला शाबासकी द्यावी, लेकरांचं बघ म्हणावं. नोकरी धरणं काही पाप नव्हे. पण शब्द जमेना. शब्द जमवणं हा माझा धंदा होता.

आखाडा बाळापूरच्या चौकात सुनीता म्हणाली, "भाई, हितं थांबवा." ती उतरली. बसस्टँडसमोर पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान होतं.

"पिंपाचं रबर गेलंय," तिनं सांगितलं. "वाफ गळून राहिली. औंढ्याला मिळालं न्हाई. घेते आन बसनं माघारी जाते."

"आणि नांदेड?" मी विचारलं.

"त्यांना सकाळीच फोन केला. मीच न्हाई म्हनले."

इंग्रिड गाडीतून खाली उतरली. तिला भाषांतर लागलं नाही, तरी मी केलं. तिनं सुनीताचा हात धरला आणि सांगितलं की ती जमेल ते सगळं करेल, पण वचन देऊ शकत नाही.

"मी वचन मागत न्हाई," सुनीता म्हणाली. "बाईला बराबर सांगा मावशी, एकबी शब्द सोडू नका. दरवर्सी तुमी येता आन आमाला आजून एक वरीस मदत द्यायची का ते बघता. ह्या वक्ताला मी तुमाला एक हंगाम देऊन राहिले. तवर तुमी काय शिकता ते बघते. मंग ठरवते."

मी एकही शब्द सोडला नाही. मग आमच्याकडं परीक्षेला बसलेली मुलं जशी मान हलवतात तशी इंग्रिडनं मान हलवली. सुनीता दुकानात शिरली. गाडी सुरू झाली तेव्हा ती दुकानदाराशी रबराच्या जाडीवरून भांडत होती.

सांगली

घरी येऊन महिना झाला. झब्ब्याला लागलेली हळद निघाली नाही, मी काढायचा फार प्रयत्नही केला नाही. मालूताईंना सुशीला करून घातली. "हे तर चुरमुऱ्याचे पोहे," त्या म्हणाल्या. सांगलीकरांना काही सांगण्यात अर्थ नाही.

काल इंग्रिडचा निरोप आला. मंडळ बसलं होतं. शिबिरं यापुढं अक्षय तृतीयेनंतर होतील. पुढच्या हंगामात एक जाणता माणूस पहिल्या शिजवणीपासून शेवटच्या शिजवणीपर्यंत कुकरापाशी राहील, आणि तो कोण हे गट ठरवेल. शिकून जी बाई गटाचं काम सांभाळते तिला पगार द्यायचा का, यावर दोन विश्वस्त अजून राजी नाहीत. पण प्रश्न पहिल्यांदाच 'पगार' या नावानं त्यांच्या टेबलावर गेला, आणि इंग्रिडनं तो पुन्हा मांडायचं ठरवलं आहे. पुढच्या खेपेला ती कुकर बंद झाल्यावर येणार आहे, आणि तारीख गटाला विचारून घेणार आहे.

मी लगेच सुनीताला फोन लावला. मला भाषण करायचं होतं, जुनी खोड. अर्धं मिळालं, अर्धं मिळेल, धीर धर, असं काहीतरी. पलीकडून वाफेचा सूंऽऽ आवाज, बायकांचा कालवा आणि मधूनच गंगूबाईचं ओरडणं, "काट्याकडं बघ गं, काट्याकडं!"

"सुनीता, मी बोलतेय. मंडळाचं कळलं..."

"मावशी," ती घाईनं म्हणाली, "सांजच्याला करा फोन. हळद शिजून राहिली."

आणि तिनं फोन ठेवला.